पूल क्यूची निवड आणि बदलता समतोल बिंदू : एक विवेचन

प्रस्तावना

भारतात क्यू-खेळांची परंपरा जुनी आहे. स्नूकर या खेळाचा उगम १८७५ साली जबलपूर येथील ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या वर्तुळात झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ व १९६४ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धेचे विजेतेपद मिळविले. मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ व १९८३ मध्ये तोच मान संपादन केला. या दोन खेळांच्या तुलनेत अमेरिकेत विकसित झालेला पूल हा खेळ आपल्याकडे उशिरा रुजला. १९९८ च्या बँकॉक आशियाई क्रीडा स्पर्धेत क्यू-खेळांचा प्रथमच समावेश झाला आणि त्यात बिलियर्ड्स व स्नूकर यांच्याबरोबर पूललाही स्थान मिळाले. आज शहरांतील अनेक क्लबांत स्नूकरच्या मोठ्या टेबलाशेजारी पूलचे टेबल दिसते. तथापि, खेळाडू वापरत असलेल्या साधनाचा शास्त्रीय विचार मराठीत क्वचितच झालेला आढळतो.

क्यू विकत घेऊ इच्छिणाऱ्या खेळाडूसमोर लांबी, वजन, टिपेचा व्यास, लाकूड, सांधा असे अनेक पर्याय असतात. त्यांत समतोल बिंदू मागेपुढे करता येणाऱ्या क्यूंचीही भर पडली आहे. अशा क्यूमुळे फटक्याची ताकद वाढते, चेंडू अधिक सरळ जातो, फिरकी अधिक मिळते, असे दावे केले जातात. विद्यार्थिदशेतील किंवा मर्यादित उत्पन्न असलेल्या खेळाडूला चांगली क्यू वारंवार घेणे परवडत नाही. त्यामुळे या दाव्यांत तथ्य किती, हा प्रश्न त्याच्या दृष्टीने केवळ तात्त्विक राहत नाही. समतोल बिंदू बदलल्याने नेमके काय बदलते व काय बदलत नाही, हे स्पष्ट करणे आणि त्या आधारे निवडीची पद्धत सुचविणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

समतोल बिंदू : अर्थ आणि मापन

क्यू आडवी धरून एका बोटावर तोलली असता ज्या ठिकाणी ती कोणत्याही बाजूस न झुकता स्थिर राहते, ते ठिकाण म्हणजे तिचा समतोल बिंदू होय. भौतिकशास्त्राच्या परिभाषेत हाच क्यूचा गुरुत्वमध्य. पूल क्यू सामान्यतः ५८ इंच, म्हणजे सुमारे १४७ सेंटीमीटर लांब असते आणि तिचे वजन बहुधा १८ ते २१ औंस, म्हणजे ५१० ते ५९५ ग्रॅमच्या दरम्यान असते. तिचा मागील भाग, ज्यास बट म्हणतात, जाड व जड असतो. पुढील भाग, म्हणजे शाफ्ट, निमुळता व हलका असतो. त्यामुळे समतोल बिंदू क्यूच्या मध्यावर न येता बटाच्या टोकापासून साधारणपणे १८ ते १९ इंचांवर येतो.

पुढील विवेचनात १४७ सेंटीमीटर लांबीची, ५३८ ग्रॅम वजनाची (सुमारे १९ औंस) आणि बटाच्या टोकापासून ४७ सेंटीमीटरवर समतोल बिंदू असलेली क्यू उदाहरणादाखल गृहीत धरली आहे.

मापन करताना एक दक्षता घ्यावी लागते. समतोल बिंदूचे अंतर बहुधा बटाच्या टोकापासून सांगितले जाते. परंतु बटाला मागून जोडतुकडा लावला की मोजणीचा आरंभबिंदूच बदलतो. उदाहरणातील क्यूला १५ सेंटीमीटर लांबीचा व ६० ग्रॅम वजनाचा तुकडा मागे जोडला, तर समतोल बिंदू प्रत्यक्षात सुमारे साडेपाच सेंटीमीटर मागे सरकतो. मात्र नव्या टोकापासून मोजल्यास अंतर ४७ ऐवजी सुमारे साडेछप्पन्न सेंटीमीटर भरते. केवळ आकड्यावर विसंबणारा खेळाडू ही क्यू ‘पुढे जड’ झाली असे समजेल. वस्तुतः तिचा भार मागे गेलेला असतो. म्हणून दोन क्यूंची तुलना करताना टिपेपासूनचे अंतर मोजणे अधिक सुरक्षित ठरते.

समतोल बदलण्याच्या पद्धती

समतोल बिंदू बदलण्याच्या तीन पद्धती प्रामुख्याने आढळतात.

पहिली पद्धत बटातील बोल्टची होय. बटाच्या टोकावरील रबरी टोपण काढल्यावर आत आटे पाडलेले छिद्र असते. त्यात कमी-अधिक वजनाचा धातूचा बोल्ट बसविता येतो. ही पद्धत सर्वांत प्रचलित व स्वस्त आहे. परंतु तिच्यात एकाच वेळी दोन गोष्टी बदलतात : एकूण वजन वाढते आणि समतोल बिंदू मागे सरकतो. उदाहरणातील क्यूच्या टोकापासून ५ सेंटीमीटरवर २८ ग्रॅमचा, म्हणजे सुमारे एक औंसाचा बोल्ट बसविल्यास समतोल बिंदू ४७ वरून सुमारे ४५ सेंटीमीटरवर येतो.

दुसऱ्या पद्धतीत बटामध्ये लांब पोकळी असते. तिच्यात वजनाचे तुकडे व हलके अंतर-तुकडे हव्या त्या क्रमाने बसविता येतात. येथे एकूण वजन कायम ठेवून केवळ त्याची जागा बदलता येते. उदाहरणार्थ, ५३८ ग्रॅमच्या क्यूमधील ५७ ग्रॅमचे वजन २० सेंटीमीटर पुढे सरकविल्यास समतोल बिंदू सुमारे २ सेंटीमीटर पुढे जातो. खऱ्या अर्थाने ‘बदलता समतोल’ ही संज्ञा याच पद्धतीला शोभते.

तिसऱ्या पद्धतीत बट व शाफ्ट यांच्या सांध्याजवळ भर घातली जाते. सांध्यात बसणारा जोडतुकडा किंवा जड धातूचा सांधा वापरल्यास भार समतोल बिंदूच्या पुढे पडतो आणि क्यू पुढच्या बाजूस जड होते. पोलादी सांध्याची क्यू लाकडी सांध्याच्या क्यूपेक्षा पुढे जड का वाटते, याचे उत्तर येथे मिळते. सांधा बटाच्या टोकापासून सुमारे ७३ सेंटीमीटरवर असतो. त्यामुळे तेथील ३० ग्रॅमची भरसुद्धा समतोल बिंदूला जवळपास दीड सेंटीमीटर पुढे आणते.

तिन्ही पद्धतींमागील नियम एकच आहे. वाढविलेले वजन आणि त्याचे मूळ समतोल बिंदूपासूनचे अंतर यांच्या गुणाकारास नव्या एकूण वजनाने भागले असता बिंदू किती सरकेल ते कळते. हे गणित खरेदीपूर्वी कोणासही करता येण्याजोगे आहे.

चेंडूवर होणारा परिणाम

बिलियर्ड्समधील चेंडूंच्या गतीचा पद्धतशीर गणिती अभ्यास फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिओलिस यांनी १८३५ साली ग्रंथरूपाने मांडला. त्या परंपरेतील यांत्रिकीचा आधार घेतल्यास समतोल बिंदूविषयीचे अनेक समज तपासता येतात.

फटका मारताना टिप व पांढरा चेंडू यांचा संपर्क सुमारे एक ते दोन सहस्रांश सेकंद टिकतो. क्यू आपल्या लांबीच्या दिशेने सरळ पुढे जात असल्याने आघातात तिचे संपूर्ण वजन कामी येते. ते वजन बटात आहे की सांध्याजवळ, याने चेंडूच्या वेगात लक्षणीय फरक पडत नाही. क्यूचा वेग तेवढाच असेल तर चेंडूचा वेग एकूण वजनावर व टिपेच्या लवचिकतेवर अवलंबून राहतो. एकूण वजनाचा प्रभावदेखील अपेक्षेहून कमी असतो. पूलच्या चेंडूचे वजन १५६ ते १७० ग्रॅमच्या दरम्यान असते. ते १६५ ग्रॅम धरल्यास, ५३८ ग्रॅमच्या क्यूमध्ये २८ ग्रॅमची भर घातल्याने चेंडूचा वेग जेमतेम सव्वा टक्क्याने वाढतो. १८ औंसांची क्यू सोडून थेट २१ औंसांची घेतली तरी ही वाढ साडेतीन टक्क्यांच्या आसपास राहते. शिवाय जड क्यूला तोच वेग देण्यासाठी हाताला अधिक श्रम पडतात, त्यामुळे प्रत्यक्ष लाभ याहूनही कमी होऊ शकतो.

दुसरा दावा सरळपणाविषयी केला जातो. पांढऱ्या चेंडूला मध्यापासून डावी-उजवीकडे फटका दिला, म्हणजे बाजूची फिरकी दिली, की चेंडू क्यूच्या रेषेपासून किंचित विरुद्ध बाजूस ढळतो. हे विचलन क्यूच्या टोकाजवळील वस्तुमानावर अवलंबून असते. संपर्काच्या अत्यल्प काळात शाफ्टमधील आडवे कंपन टिपेपासून काही इंचच मागे पोहोचते. त्यामुळे पुढील १५ ते २० सेंटीमीटरचा भागच या विचलनात सहभागी होतो. विचलन कमी करणारे शाफ्ट टोकाशी पोकळ, बारीक किंवा हलक्या साहित्याचे बनविले जातात, ते याच कारणास्तव. बटातील बोल्ट टिपेपासून सव्वा मीटरहून अधिक दूर असतो, तर सांध्यातील जोडतुकडा सुमारे पाऊण मीटर दूर. त्यांपैकी कशानेही हे विचलन कमी-अधिक होत नाही.

तात्पर्य, समतोल बिंदू मागेपुढे केल्याने चेंडूच्या वर्तनात थेट असा कोणताही महत्त्वाचा फरक पडत नाही.

हातावर होणारा परिणाम

मग समतोल बिंदू निरर्थक आहे काय? तसे मुळीच नाही. त्याचे कार्यक्षेत्र चेंडू नसून खेळाडूचे दोन हात हे आहे.

नेम धरलेल्या स्थितीत क्यूला दोन आधार असतात. मागील हात तिला पकडतो आणि टेबलावर टेकविलेला पुढील हात ब्रिज तयार करतो. ही रचना साध्या तरफेसारखी आहे. क्यूचे वजन या दोन आधारांत कसे विभागले जाईल, हे समतोल बिंदू आणि पकडीची जागा या दोहोंवर ठरते. उदाहरणातील क्यू टोकापासून १५ सेंटीमीटरवर पकडली आणि ब्रिज टिपेपासून २२ सेंटीमीटरवर ठेवला, तर ब्रिजवर सुमारे १५६ ग्रॅम व मागील हातावर सुमारे ३८२ ग्रॅम भार येतो. एकूण वजन न बदलता समतोल बिंदू ३ सेंटीमीटर पुढे नेल्यास ब्रिजवरील भार सुमारे १७१ ग्रॅम होतो.

ब्रिजवर पुरेसा भार असेल तर क्यू बोटांवर स्थिर टेकते आणि मागेपुढे नेताना तिचे टोक उचलले जात नाही. भार फार कमी असल्यास टोक तरंगल्यासारखे वाटते आणि ते खाली राखण्यासाठी मागील हाताची पकड नकळत घट्ट होते. घट्ट पकडीमुळे मनगट ताठरते आणि फटक्याची रेषा बिघडते. याउलट, पुढील बाजू अति जड असेल तर हळुवार फटक्यात टोकाची जाणीव बोथट होते, तसेच ब्रिज उंच करून मारावयाच्या फटक्यांत क्यू सांभाळणे अवघड जाते. म्हणजेच समतोलाचा लाभ वा तोटा चेंडूपर्यंत पोहोचतो तो हाताच्या अचूकतेमार्फत.

या गणितातून आणखी दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली बोल्टसंबंधी आहे. वर उल्लेखिलेला २८ ग्रॅमचा बोल्ट बसविल्यावर ब्रिजवरील भार १५६ वरून सुमारे १५४ ग्रॅम होतो, म्हणजे जवळजवळ तोच राहतो. वाढलेले सर्व वजन मागील हातावर पडते. बोल्ट घातल्यावर क्यू ‘मागे जड’ वाटते, ती ब्रिज हलका झाल्यामुळे नव्हे, तर पकडीचा हात अधिक भार वाहतो म्हणून.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. त्याच क्यूवरील पकड १५ सेंटीमीटरऐवजी २५ सेंटीमीटरवर आणली, तर ब्रिजवरील भार १५६ वरून सुमारे ११८ ग्रॅमपर्यंत उतरतो. समतोल बिंदू ३ सेंटीमीटर हलवून जो फरक पडतो, त्याच्या दुपटीहून अधिक फरक पकडीची जागा १० सेंटीमीटर बदलल्याने पडतो. त्यासाठी कोणताही खर्च येत नाही. पकड निश्चित नसलेल्या खेळाडूने समतोल बदलणारी क्यू घेणे म्हणजे पायाचे माप न घेता पादत्राण शिवून घेण्यासारखे आहे.

निवडीचा क्रम

वरील विवेचनाच्या आधारे निवडीचा पुढील क्रम सुचविता येतो.

१. पकडीची जागा ठरविणे : टिप चेंडूला स्पर्श करते त्या क्षणी मागील हाताचा कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग जमिनीला साधारण लंब असावा, हा सर्वमान्य संकेत आहे. या स्थितीत हात बटावर कोठे येतो, ते दुसऱ्या व्यक्तीकडून पाहून घ्यावे व तेथे कागदी पट्टी चिकटवावी. हात बटाच्या टोकाशी जात असेल तर प्रश्न समतोलाचा नसून लांबीचा आहे, असे समजावे. अशा उंच खेळाडूस जोडतुकडा किंवा लांब क्यू उपयुक्त ठरते.

२. एकूण वजन ठरविणे : क्लबमधील वेगवेगळ्या वजनांच्या क्यू वापरून, दीर्घ सरावानंतरही हात थकत नाही असे वजन शोधावे. जागतिक पूल संघटनेच्या साधनविषयक नियमांनुसार क्यूचे वजन २५ औंसांपेक्षा अधिक आणि लांबी ४० इंचांपेक्षा कमी असता कामा नये. टिपेचा व्यास १४ मिलिमीटरहून अधिक चालत नाही. सर्वसाधारण क्यू या मर्यादांच्या आतच असतात, तथापि बोल्ट व जोडतुकडे वाढविताना एकूण वजन पुन्हा मोजणे योग्य होय.

३. ब्रिजवरील भार मोजणे : यासाठी स्वयंपाकघरातील साधा वजनकाटा पुरेसा आहे. ब्रिजच्या जागी शाफ्ट काट्यावर टेकवून मागील हाताने नेहमीच्या ठिकाणी क्यू सैल धरावी. काटा जो आकडा दाखवील तोच ब्रिजवरील भार. ज्या क्यूने खेळणे सुखावह वाटते तिचा हा आकडा नोंदवून ठेवल्यास नव्या क्यूची तुलना ‘जड वाटते, हलकी वाटते’ या शब्दांऐवजी ग्रॅममध्ये करता येते.

४. एका वेळी एकच घटक बदलणे : वजन, टिप, शाफ्ट व समतोल हे सर्व एकदम बदलल्यास सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही. त्यामुळे जुनाच शाफ्ट व जुनीच टिप ठेवून केवळ वजनाची जागा बदलावी.

५. अजाणतेपणी चाचणी घेणे : नव्या साधनाविषयीची अपेक्षा खेळाडूच्या मतावर प्रभाव टाकते. ती टाळण्यासाठी सहकाऱ्याने खेळाडूला न सांगता वजनाची मांडणी बदलावी. खेळाडूने प्रत्येक मांडणीत ठरावीक फटके, उदाहरणार्थ टेबलाच्या संपूर्ण लांबीचा सरळ फटका व पांढरा चेंडू जागीच थांबविणारा फटका, प्रत्येकी वीस वेळा मारावेत आणि यशस्वी फटक्यांची नोंद ठेवावी. ही चाचणी निरनिराळ्या दिवशी तीन-चार वेळा करावी. नोंदींत सातत्याने फरक दिसला तरच बदलत्या समतोलाच्या क्यूवर खर्च करणे समर्थनीय ठरते.

काही व्यावहारिक बाबी

बदलत्या समतोलाच्या क्यूमध्ये सुटे भाग अधिक असतात. एखादा बोल्ट वा तुकडा किंचित सैल राहिल्यास प्रत्येक फटक्याला बारीक खडखड ऐकू येते आणि हाताला मिळणारी संवेदना बिघडते. म्हणून खरेदीपूर्वी काही जोरदार फटके मारून आवाज तपासावा. वजन बदलण्याची किल्ली व पर्यायी तुकडे क्यूसोबत मिळतात काय, तसेच ते नंतर स्वतंत्रपणे उपलब्ध होतात काय, याची चौकशी करावी. कोकण-मुंबईसारख्या दमट हवेच्या प्रदेशात लाकूड ओलावा शोषते. लाकडी शाफ्ट पेटीबाहेर भिंतीला टेकवून ठेवल्यास वाकण्याचा संभव असतो. वाकलेल्या शाफ्टचा दोष समतोलाच्या कोणत्याही मांडणीने भरून निघत नाही.

स्नूकरकडून पूलकडे वळणाऱ्या खेळाडूने आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. स्नूकरच्या क्यूची टिप साधारण साडेनऊ ते दहा मिलिमीटरची, तर पूलच्या पारंपरिक क्यूची सुमारे तेरा मिलिमीटरची असते. पूलचे चेंडूही ५७.१५ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे स्नूकरच्या ५२.५ मिलिमीटरच्या चेंडूंपेक्षा मोठे व जड असतात. नवी क्यू परकी वाटण्यामागे हे फरकही असतात. त्याचे सारे खापर समतोल बिंदूवर फोडणे योग्य नव्हे.

निष्कर्ष

१. समतोल बिंदूच्या बदलाने फटक्याची ताकद वा बाजूच्या फिरकीतील विचलन प्रत्यक्षपणे बदलत नाही. ताकदीचा संबंध क्यूचा वेग व एकूण वजन यांच्याशी, तर विचलनाचा संबंध शाफ्टच्या पुढील भागाशी आहे.

२. समतोल बिंदू दोन हातांवरील भाराची विभागणी ठरवितो. त्यामुळे पकडीतील सैलपणा, ब्रिजवरील स्थैर्य आणि पर्यायाने फटक्यातील सातत्य यांवर त्याचा प्रभाव पडतो.

३. बटातील बोल्ट वजन व समतोल दोन्ही बदलतो. केवळ समतोल बदलावयाचा असल्यास वजनाची जागा हलविता येणारी रचना आवश्यक असते.

४. पकडीची जागा ही समतोल बदलण्याइतकीच, किंबहुना अधिक परिणामकारक असून ती विनामूल्य आहे. म्हणून नवोदित खेळाडूने प्रथम पकड स्थिर करावी आणि साधी, सरळ, चांगल्या टिपेची क्यू निवडावी. बदलत्या समतोलाच्या क्यूचा खरा उपयोग ज्याचा फटका स्थिरावला आहे आणि ज्याला आपल्या हातांवरील भाराची नेमकी जाणीव आहे, अशाच खेळाडूस होतो.